परदेशात घर घेताना एजंटवर किती विसंबावे?

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त पोर्तुगालमध्ये स्थायिक झाली आहे. निवृत्तीनंतर वर्षातले सहा-सात महिने तिच्या जवळपास राहता यावे, म्हणून मी आणि माझी पत्नी तेथे किंवा सीमेपलीकडे स्पेनमध्ये एक लहान घर घेण्याच्या विचारात आहोत. सध्या दोन एजंट आमच्या संपर्कात आहेत. पहिला एका मालमत्ता प्रदर्शनात भेटला. तो फार अगत्याने वागतो, घरे दाखवण्यासाठी विमानप्रवास आणि मुक्काम स्वतःच्या खर्चाने करून देतो म्हणतो; वकील, बँक, कागदपत्रे, पुढे भाडेकरू, हे सारे तोच पाहणार आहे, आणि घराबरोबर निवासाचा परवानाही मिळेल असे त्याचे म्हणणे आहे. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे एक घर राखून ठेवण्यासाठी त्याला या आठवडाअखेर अनामत रक्कम हवी आहे. दुसरा एजंट पोर्तुगालमधलाच आहे. तो उशिरा उत्तर देतो आणि मोजके बोलतो. पण त्याने न मागता एका फ्लॅटचे नोंदणी-उतारे पाठवले आणि त्या फ्लॅटची बंदिस्त केलेली बाल्कनी मंजूर नकाशात नाही, हे स्वतःहून कळवले. पत्नीचा ओढा पहिल्याकडे आहे, मुलीचा दुसऱ्याकडे. विश्वासू एजंट ओळखावा तरी कसा?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी तातडीची गोष्ट सांगतो. या आठवडाअखेर आपण कोणालाही, कोणत्याही नावाखाली, एकही रक्कम पाठवू नये. ते घर कदाचित उत्तम असेल आणि तो गृहस्थही कदाचित प्रामाणिक असेल. परंतु यांपैकी काहीही पडताळून पाहता येईल असा एकही कागद अद्याप आपल्या हाती आलेला नाही. केवळ घर हातचे जाईल या भीतीने पैसे देणे म्हणजे पुढची सारी बोलणी दुसऱ्याच्या अटींवर करण्यास संमती देणे होय. स्पेनच्या किनारपट्टीवर घरे सतत विक्रीला येत असतात. एक घर गेले तर दुसरे मिळते. परदेशात अडकलेली रक्कम मात्र सहजासहजी परत मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पत्नीला पहिल्याचे अगत्य भावले आहे आणि मुलीला दुसऱ्याचा सरळपणा, म्हणजे दोघीही माणसाच्या स्वभावावरून त्याची पारख करीत आहेत. रोजच्या व्यवहारात आपण सगळे असेच करतो आणि त्यात गैर काही नाही. पण ज्या देशाची भाषा, कायदा आणि बाजारभाव आपल्याला ठाऊक नाहीत, तेथे ही पारख फार तोकडी पडते. तिच्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात, असे मला वाटते : या माणसाला पैसे कोणाकडून मिळतात, तो चुकला तर त्याला जाब विचारणारे कोणी आहे का, आणि तो आपल्याला स्वतंत्रपणे तपास करू देतो की त्या तपासाच्या वाटा बुजवतो. यांपैकी तिसरी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो.

पहिल्या गोष्टीबद्दल आपल्या मनात कसलाही आडपडदा नसावा. पोर्तुगालमध्ये मध्यस्थाचे कमिशन सहसा विकणारा देतो, ते बहुधा किमतीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यावर मूल्यवर्धित कर लागतो. व्यवहार झाला तरच ही रक्कम पदरात पडते. त्यात अप्रामाणिकपणा नाही, तो त्या धंद्याचा रीतसर मोबदला आहे. पण त्याचा अर्थ एवढा निश्चित आहे की एजंट हा आपला सल्लागार नव्हे. मालमत्ता प्रदर्शनात भेटणारी माणसे तर पुष्कळदा विक्रेत्याची थेट एजंटही नसतात. ती गिऱ्हाईक आणून देणारी असतात, तिकडे आणखी एक एजंट असतो, आणि दोघांचा किंवा तिघांचा वाटा अखेर घराच्या किमतीतूनच निघतो. विमानाचे तिकीट आणि हॉटेलचा मुक्काम यांचा खर्चही शेवटी तेथूनच वसूल होतो. म्हणून दोन्ही एजंटांना एकच प्रश्न लेखी विचारावा : “या व्यवहारात आपल्याला कोणाकडून, कशाबद्दल आणि किती रक्कम मिळणार आहे?” प्रामाणिक माणूस या प्रश्नाने दुखावत नाही, त्याला त्याची सवय असते. त्याच वेळी मुलीने आयडियलिस्टासारख्या, स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या संकेतस्थळावर त्याच परिसरातील तेवढ्याच क्षेत्रफळाच्या घरांच्या किमती पाहून ठेवाव्यात. जाहिरातीतील किंमत ही मागितलेली किंमत असते, प्रत्यक्ष विक्रीची नव्हे, हे ध्यानात ठेवले तरी आपल्याला सांगितलेला आकडा अवाजवी आहे की नाही, याचा अंदाज तेवढ्याने येतो.

जाब विचारण्याच्या बाबतीत पोर्तुगाल आणि स्पेन या दोन देशांत मोठा फरक आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ खरेदीदार गोंधळतात. पोर्तुगालमध्ये घरांच्या मध्यस्थीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. २०१३ च्या १५ क्रमांकाच्या कायद्यानुसार इम्पिक ही सरकारी संस्था हा परवाना देते, त्याला ए.एम.आय. क्रमांक असतो, आणि तो क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून परवाना चालू आहे की रद्द झाला आहे हे कोणालाही विनाशुल्क पाहता येते. परवानाधारकाला व्यावसायिक जबाबदारीचा विमा घ्यावाच लागतो. त्याच्या कार्यालयात तक्रारवही ठेवणे बंधनकारक असते आणि ही तक्रार ऑनलाइनही नोंदवता येते. दुसऱ्या एजंटचा ए.एम.आय. क्रमांक मागवून घ्यावा, परवाना ज्या कंपनीच्या नावे आहे तीच कंपनी आपल्याशी पत्रव्यवहार करीत आहे का हे जुळवून पाहावे, आणि क्रमांक देण्यास तो टाळाटाळ करू लागला तर त्याच्या मितभाषीपणाचे कितीही कौतुक वाटले असले तरी तेथेच थांबावे.

स्पेनमध्ये चित्र वेगळे आहे. तेथे २००० साली हा व्यवसाय खुला करण्यात आला, त्यामुळे देशभर लागू असलेला असा परवाना नाही आणि उद्या कोणीही कार्यालय थाटून घरे विकू शकतो. कातालोनिया आणि व्हॅलेन्सिया यांसारख्या काही प्रांतांनी आपापली नोंदणी सुरू केली आहे. इतरत्र मध्यस्थांच्या व्यावसायिक मंडळाचे सदस्यत्व ऐच्छिक असते. असे सदस्यत्व आणि जबाबदारीचा विमा असलेला एजंट निवडणे केव्हाही चांगले, पण तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. परवाना नाही म्हणून तेथील सगळे एजंट लबाड ठरत नाहीत, आणि परवाना आहे म्हणून पोर्तुगालमधले सगळे सज्जन ठरत नाहीत. एवढेच म्हणता येईल की स्पेनमध्ये घर घ्यायचे असेल, तर एजंटच्या पाठीशी असलेली कायद्याची चौकट कमी पडते आणि ती उणीव आपल्याला वकिलाकडून भरून काढावी लागते.

येथे मला पहिल्या एजंटच्या त्या वाक्यावर थोडे अधिक बोलायचे आहे : “वकील, बँक, कागदपत्रे, सारे मीच पाहीन.” आपल्या पत्रातली मला सर्वाधिक काळजीची वाटलेली बाब हीच आहे, आणि आपण ती सोयीची म्हणून लिहिली आहे, याने ती काळजी अधिकच वाढते. अनोळखी देशात एकाच माणसाने सगळे सांभाळावे ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. परंतु घर दाखवणारा, त्याची मालकी तपासणारा, त्याच्या बांधकामाची अवस्था पाहणारा आणि पैसे स्वीकारणारा, ही चार वेगवेगळी कामे आहेत आणि ती वेगळ्या हातांत असण्यातच खरेदीदाराची सुरक्षितता आहे. एजंटने सुचवलेला वकील कायद्याने पात्र असेलही. पण त्याला वर्षभर कामे त्याच एजंटकडून मिळत असतील, तर एखाद्या घराबद्दल “हा व्यवहार करू नका” असे सांगताना त्याची जीभ जड होणारच. म्हणून वकील आपण स्वतः शोधावा. पोर्तुगालमध्ये वकिलांच्या संघटनेच्या, म्हणजे ओर्देम दुश अदव्होगादुश हिच्या, संकेतस्थळावर आणि स्पेनमध्ये त्या त्या प्रांतातील वकील मंडळाच्या यादीत नाव पडताळता येते. मुलीच्या कार्यालयातील ज्या सहकाऱ्यांनी अलीकडे घर घेतले असेल, त्यांच्याकडून दोन-तीन नावे मिळवणे हा याहून चांगला मार्ग. नाव मिळाल्यावर वकिलाला आधी स्पष्ट विचारावे की हा एजंट, हा विक्रेता किंवा हा बिल्डर यांच्यापैकी कोणाचे काम तो करतो का, आणि उत्तर लेखी घ्यावे. त्याची फी आपण देणार असल्यामुळे ती आपल्याला खर्च वाटेल. संपूर्ण व्यवहारात केवळ आपल्या बाजूने बोलण्यासाठी जो एकमेव माणूस असतो, त्याची ती फी आहे.

एक गैरसमज याच ओघात दूर करतो. या दोन्ही देशांत खरेदीखताच्या वेळी सहसा नोटरी उपस्थित असतो, तो सरकारी अधिकार असलेला कायदेतज्ज्ञ असतो आणि त्याचे स्थान आदराचे आहे. “नोटरी सगळे तपासतोच, वेगळा वकील कशाला?” असे एजंट त्यामुळे सहज म्हणून जातात. नोटरी पक्षकारांची ओळख, दस्ताची कायदेशीरता आणि नोंदणीतील मालकी पाहतो. तो दोन्ही बाजूंसाठी तटस्थ असतो. किंमत जास्त आहे, घराच्या मागची खोली विनापरवाना बांधली आहे किंवा करारातील एखादी अट आपल्या विरुद्ध जाते, हे आपल्याला सांगणे त्याच्या कामात येत नाही.

बांधकामाच्या परवान्याचा विषय निघाला म्हणून दक्षिण स्पेनमधील एक घटना सांगणे मला आवश्यक वाटते. आंदालुसिया प्रांतातील वेरा या गावी एका निवृत्त ब्रिटिश दांपत्याने स्थानिक नगरपालिकेची परवानगी घेऊन घर बांधले होते. ती परवानगी शेतजमिनीसाठीच्या प्रादेशिक नियोजनाशी विसंगत आहे, असे प्रांतिक सरकारचे म्हणणे न्यायालयात मान्य झाले, आणि जानेवारी २००८ मध्ये ते घर बुलडोझरने पाडण्यात आले. त्या प्रांतात अशा अनियमित घरांची संख्या मोठी होती आणि त्यांतली पुष्कळशी परदेशी माणसांनी विश्वासाने विकत घेतलेली होती. “परवानगी आहे” हे वाक्य खरे असूनही अपुरे असू शकते, असा त्या घटनेचा अर्थ मी घेतो. परवानगी कोणी दिली, कोणत्या वर्गाच्या जमिनीवर दिली आणि ती वरच्या नियोजनात बसते का, हे पाहणारा माणूस एजंट नसून नगररचनेची जाण असलेला वकील असतो. दाखवलेले घर वस्तीबाहेर, शेतजमिनीत असेल तर हा तपास पूर्ण होईपर्यंत पुढची कोणतीही चर्चा करू नये. स्पेनच्या काही भागांत, जसे कार्ताहेना किंवा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या परिसरात, युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना नगररचना झालेल्या वस्तीबाहेरची मालमत्ता घेण्यासाठी संरक्षण खात्याची परवानगीही लागू शकते. पहिल्या एजंटला या परवानगीबद्दल सहज विचारून पाहावे. त्याला ती ठाऊक असेल तर त्याच्या बाजूने एक गुण द्यावा.

आता त्याच्या निवासाच्या परवान्याच्या आश्वासनाबद्दल. हे आश्वासन मला अत्यंत गंभीर वाटते, कारण ते आज खरे नाही. घर खरेदीच्या बळावर निवास परवाना देणारी पोर्तुगालची योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या मार्गापुरती बंद झाली, आणि स्पेननेही आपली तशीच योजना ३ एप्रिल २०२५ पासून संपुष्टात आणली. हे एजंटला माहीत नसेल तर तो आपल्या धंद्यातील सर्वांत गाजलेल्या बदलाबाबत अनभिज्ञ आहे. माहीत असूनही तो तसे सांगत असेल, तर मग विचार करण्यासारखे काही उरत नाही. आपल्याला वर्षातले सहा-सात महिने तेथे राहायचे आहे, म्हणून हेही ध्यानात असू द्यावे की शेन्गेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या समूहात, अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि घर स्वतःच्या मालकीचे असल्याने त्यात एका दिवसाचीही भर पडत नाही. निवृत्तिवेतनासारख्या नियमित उत्पन्नावर आधारलेला पोर्तुगालचा डी-७ व्हिसा हा वेगळा मार्ग आहे. त्याचा पाया उत्पन्न हा आहे, घराची मालकी नव्हे. माझे स्पष्ट मत असे की निवासाचा प्रश्न आधी सोडवावा आणि घराचा नंतर. तोवर वर्षभर भाड्याने राहिल्यास तो परिसरही कळेल आणि एजंटांचा लौकिकही कानावर येईल.

अनामत रकमेबद्दल वर मी “देऊ नये” एवढेच म्हटले. पण कधीतरी ती द्यावी लागेलच, तेव्हा ती कशी द्यावी हे सांगायला हवे. पहिला टप्पा असतो घर बाजारातून काढून ठेवण्यासाठीच्या लहान रकमेचा. तो कागद जाहिरातीच्या माहितीपत्रकासारखा दिसतो आणि म्हणून माणसे न वाचता सही करतात. त्यात ही रक्कम कोणाच्या खात्यात राहील, मालकी किंवा परवान्यात दोष निघाल्यास ती पूर्ण परत मिळेल का, आणि किती दिवसांत मिळेल, ही तीन वाक्ये स्पष्ट असलीच पाहिजेत. पोर्तुगीज कायद्यानुसार मध्यस्थाकडे अशी रक्कम ठेवीच्या स्वरूपात असते, ती त्याला स्वतःसाठी वापरता येत नाही. दुसरा टप्पा साठेखताचा. पोर्तुगालमध्ये खरेदीदाराने माघार घेतली तर त्याचा विसार बुडतो आणि विकणाऱ्याने माघार घेतली तर त्याला विसाराच्या दुप्पट रक्कम परत द्यावी लागते. स्पेनमधील आर्रास या विसाराच्या सर्वसाधारण प्रकारातही हाच न्याय आहे. मोठी रक्कम या टप्प्यावर जाते, म्हणून वकिलाचा तपास साठेखताच्या आधी पूर्ण व्हायला हवा. “आधी सही करा, कागद नंतर पाहू” असे म्हणणारा एजंट आपल्याला नेमका उलटा क्रम शिकवीत असतो. बांधकाम सुरू असलेले घर सुचवले गेल्यास स्पेनमध्ये आगाऊ रक्कम बिल्डरच्या स्वतंत्र खात्यात आणि बँकेच्या हमीने किंवा विम्याने सुरक्षित असली पाहिजे, असा तेथील कायदा आहे. ते हमीपत्र आपल्या नावाने हाती आल्याशिवाय हप्ता देऊ नये.

आणखी एक सूचना कानावर आलीच तर ओळखता यावी म्हणून सांगतो. कर वाचवण्यासाठी खरेदीखतात किंमत कमी दाखवू आणि उरलेली रक्कम रोखीने देऊ, असे सुचवणारे एजंट अजूनही भेटतात. हा गुन्हा तर आहेच. शिवाय पुढे ते घर विकताना नफा फुगलेला दिसून त्याचा कर आपल्याच माथी बसतो, आणि वाद झाला तर रोखीने दिलेली रक्कम आपण कोठेही सिद्ध करू शकत नाही. याउलट एजंटने पैसा कोठून आला याचे पुरावे मागितले तर त्याचा राग मानू नये. काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यांमुळे युरोपीय संघात त्याला ते मागावेच लागतात, आणि जो ते कटाक्षाने मागतो तो इतर नियमही पाळत असण्याची शक्यता अधिक असते.

भाडेकरूच्या आमिषाबद्दल थोडक्यात. स्पेनमध्ये एप्रिल २०२५ पासून सामाईक इमारतीतील घर पर्यटकांना भाड्याने देणे नव्याने सुरू करायचे असेल, तर इमारतीतील मालकांच्या सभेची तीन-पंचमांश बहुमताने पूर्वसंमती लागते. ती संमती नसताना ठरावीक भाड्याची हमी देणारा एजंट जे त्याच्या हातात नाही ते विकत आहे.

दुसऱ्या एजंटकडे येतो. त्याने बाल्कनीचा दोष कळवला, यामुळे मुलीचे मत त्याच्याकडे झुकले आहे आणि माझेही झुकते. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी की विकणाऱ्याला तो फ्लॅट विकण्याचा अधिकार आहे का, मालमत्तेवर बोजा आहे का आणि दिलेली माहिती प्रत्यक्षाशी जुळते का, हे पाहणे पोर्तुगालच्या कायद्याने मध्यस्थाचे कर्तव्यच ठरवले आहे. त्याने ते पार पाडले, ही चांगली खूण आहे. पण त्यामुळे बाकीचा तपास माफ होत नाही. त्याने पाठवलेले उतारे आपल्या वकिलाने स्वतः नव्याने काढावेत. नोंदणी कार्यालयाचा सेर्तिदाँव पेर्मानेन्त हा उतारा मालक कोण आणि गहाण किंवा जप्ती आहे का ते सांगतो. कर खात्याची कादेर्नेता प्रेदियाल ही पुस्तिका क्षेत्रफळ आणि करमूल्य सांगते. आणि या दोन्हींतले क्षेत्रफळ व प्रत्यक्ष मोजलेले क्षेत्रफळ जुळले नाही, तर विचारायला सुरुवात तेथून करावी. स्पेनमध्ये याच कामासाठी नोता सिम्प्ले नावाचा उतारा किरकोळ शुल्कात मिळतो. पोर्तुगालच्या बाबतीत २०२४ चा एक बदल विशेष महत्त्वाचा आहे : घर वापरण्यास योग्य असल्याचा पालिकेचा परवाना खरेदीखताच्या वेळी सादर करण्याची अट तेव्हाच्या सुधारणेने काढून टाकली. खरेदीखत झाले म्हणजे परवाना असणारच, हे जुने गृहीतक त्यामुळे मोडले आहे. हा परवाना आपण होऊन मागावा लागतो, आणि तो मागण्याचा सल्ला कोणता एजंट स्वतःहून देतो हे पाहणे फार बोलके ठरेल.

बाल्कनी बंदिस्त करण्यासाठी तेथे पालिकेची मान्यता आणि इमारतीतील इतर मालकांची संमती असे दोन्ही लागू शकते. तो फ्लॅट मनात भरला असेल तर खरेदीखतापूर्वी विकणाऱ्याने स्वखर्चाने ती नियमित करून द्यावी किंवा मूळ स्थितीत आणावी, अशी अट साठेखतात घालावी आणि एजंटने ती विकणाऱ्यापर्यंत कशी पोहोचवली ते पाहावे. विकणाऱ्याचा एजंट असूनही जो आपली अट न कुरकुरता मांडतो आणि नकार आला तर तोही तसाच कळवतो, त्याच्यासोबत पुढे जाता येते. सामाईक खर्चाच्या थकबाकीचे पत्रकही मागावे. पोर्तुगालमध्ये २०२२ पासून इमारतीच्या व्यवस्थापकाचे असे पत्रक खरेदीखतासाठी लागते, परंतु खरेदीदार “मला ते नको” असे नमूद करू शकतो आणि तसे केल्यास जुनी थकबाकी त्याच्यावर येते. घाईच्या दिवशी समोर आलेल्या कागदांत हे वाक्य नाही ना, हे वकिलाने पाहावे. स्पेनमध्ये चालू वर्षाच्या आणि त्याआधीच्या तीन वर्षांच्या सामाईक थकबाकीसाठी ते घरच जबाबदार धरले जाते, मग ती कोणाच्याही काळातली असो.

उत्तरे उशिरा येण्याबद्दल आपली तक्रार योग्य आहे. दूर देशातील खरेदीदाराला आठवडाभर उत्तर न मिळणे त्रासाचे असते. किती दिवसांत उत्तर मिळेल हे त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावे आणि महत्त्वाचे सर्व बोलणे ईमेलवरच व्हावे असा आग्रह धरावा. तोंडी आश्वासने फोनवर फार मोठी असतात. तीच लिहून मागितली की पुष्कळदा आपोआप लहान होतात. गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्याच्यामार्फत घर घेतलेल्या दोन खरेदीदारांशी, शक्य तर परदेशी खरेदीदारांशी, बोलता येईल का असे दोन्ही एजंटांना विचारावे, आणि त्या माणसांना “एजंट कसा आहे?” असे न विचारता “खरेदीनंतर काही अडचण आली का, आणि तेव्हा त्याने काय केले?” असे विचारावे.

मुलगी तेथे आहे हे आपले मोठे बळ आहे. तिने ते घर पावसाळी दिवशी, संध्याकाळी, एजंटशिवाय परिसरात फिरून पाहावे, शेजाऱ्यांशी बोलावे. मात्र बांधकामाची पारख तिच्यावर सोपवू नये. ओल, छप्पर, विजेची जोडणी यांसाठी स्वतंत्र अभियंता बोलवावा. एजंट त्याला घरात येऊ देण्यास खळखळ करीत असेल, तर त्या घरातल्या दोषाची कल्पना त्याला आधीच आहे असे समजावे.

पैसे पाठवण्याच्या दिवशी एक दक्षता घ्यावी. ईमेलमध्ये शिरकाव करून “आमचे बँक खाते बदलले आहे” असा हुबेहूब संदेश पाठवण्याची फसवणूक घरांच्या व्यवहारांत सर्वत्र होते आणि तिच्यात एजंट प्रामाणिक असूनही खरेदीदार लुबाडला जातो. खाते क्रमांक आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर स्वतः फोन करून वकिलाकडून पडताळून घ्यावा, मगच रक्कम सोडावी. एजंटच्या वैयक्तिक खात्यात, किंवा कराराशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच देशातील खात्यात, कधीही नाही.

प्रत्येक वेळी तेथे जाणे शक्य नसल्याने मुखत्यारपत्राचा प्रश्न लवकरच येईल आणि पहिला एजंट ते स्वतःच्या नावे मागेल, असा माझा अंदाज आहे. मुखत्यारपत्र एजंटला देऊ नये. ते मुलीला किंवा आपल्या वकिलाला द्यावे, त्यात त्या एकाच मालमत्तेचा नोंदणी क्रमांक आणि जास्तीत जास्त किंमत नमूद करावी, विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा आपल्या वतीने रक्कम स्वीकारण्याचा अधिकार त्यात नसावा, आणि त्याला संपण्याची तारीख असावी. मसुदा पोर्तुगीज किंवा स्पॅनिश भाषेत असणार, म्हणून सही करण्याआधी त्याचे भाषांतर आपण स्वतः नेमलेल्या माणसाकडून करून घ्यावे. एजंटने आणलेल्या भाषांतरावर सही करू नये.